अबू दह्हामचा शब्द

अफामियाच्या पडक्या नगराचे खांब मागे पडले तशी विदादने मांडीवरची पिशवी उघडली, रोटीत झातरचा मसाला आणि ऑलिव्ह गुंडाळले आणि नवऱ्याच्या हातात दिले. अदीबने ते एका हाताने घेतलं, दुसरा हात स्टिअरिंगवर. खड्डे चुकवायचे नव्हतेच, कारण खड्ड्यांनाच आता रस्ता म्हणायचं. चुकवायची ती रस्त्याची कड. कडेच्या मातीत सुरुंग अजून जिवंत होते.

अदीब हमा शहराचा. पंचवीस वर्षं त्याने याच मिनीबसमधून परदेशी पाहुण्यांना पडक्या नगरांतून फिरवलं होतं. हमाच्या उत्तरेला डोंगरात गावंच्या गावं उभी आहेत. घरं, चर्च, ऑलिव्हचे घाणे, टोकदार छपराच्या दगडी कबरी, सगळं जागच्या जागी, फक्त माणसं दीड हजार वर्षांपूर्वी निघून गेलेली. का गेली, असं पाहुणे विचारायचे. अदीब म्हणायचा, तेल विकलं जाईना म्हणून. तेव्हा त्याला ते उत्तर पुरेसं वाटायचं. घर टाकून जाणं म्हणजे काय हे त्याच्या दाराशी यायचं होतं.

माणूस भाविक. दर गुरुवारी मशिदीत स्तवनं गाणारी मंडळी जमायची, त्यात अदीबचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. म्हातारे म्हणायचे, हा गायला लागला की छताला भोक पडून प्रार्थना सरळ वर जाते. सहा वर्षांपूर्वी वाएल गेला आणि तो आवाज बसला. अदीब गुरुवारी अजून जायचा, पण मागच्या भिंतीला टेकून नुसता ऐकायचा.

वाएल त्यांचा एकुलता एक. बावीस वर्षांचा होता. सैन्यात धरून नेतील म्हणून तो उत्तरेला सीमेकडे निघाला होता. शेवटचा फोन आला तो याच डोंगरातून. "बाबा, तुम्ही पाहुण्यांना दाखवायचात ना, तसल्याच एका टोकदार कबरीत झोपलोय," तो हसत म्हणाला होता. "काळजी करू नका. दीड हजार वर्षं छप्पर पडलं नाही, ते काय आज माझ्यासाठी पडणार?" त्यानंतर त्या डोंगरावर नऊ दिवस बाँब पडले. फोन पुन्हा लागला नाही.

मग रस्ताच बंद. मध्ये युद्धाची आघाडी, चौक्या, दोन्हीकडून बंदुका. गेल्या हिवाळ्यात राज्य बदललं, चौक्या उठल्या, आणि रस्ता उघडल्याच्या चौथ्या दिवशी अदीबने गॅरेजमधून मिनीबस बाहेर काढली. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाला की नवराबायको निघायची. एकेक पडकं नगर, एकेक टोकदार कबर, आणि तिच्या आसपास आसऱ्याला राहिलेली कुटुंबं. कोणी अंजीर द्यायचं, कोणी चहा, आणि प्रत्येक घरातून एक फोटो बाहेर यायचा. आमचाही बघा, तुम्ही फिरताय तर कुठे दिसला का. विदाद सगळ्यांचे फोटो आपल्या फोनमध्ये काढून घ्यायची. वाएलचा दाखवायला गेली होती, आता तिच्याजवळ एकेचाळीस पोरं होती.

बातमी मागच्या शुक्रवारी सेर्जिल्लाच्या पडक्या नगरात मिळाली. तिथला जुना पहारेकरी पडक्या हमामखान्यावर ताडपत्री टाकून नातवंडांसकट राहत होता. तो म्हणाला, पुढे खिर्बत सल्लूमला मवाली नावाच्या भटक्या जमातीचं एक धनगर घर आहे. त्यांनी बाँबच्या दिवसांत टोकदार कबरीपाशी एका पोराला पुरलं. परका होता म्हणतात. मी पाहिलं नाही, आम्ही तेव्हा पळालो होतो, ऐकीव सांगतोय.

ऐकीव गोष्टीवर अदीब याआधी तीनदा गेला होता, आणि तिन्ही ठिकाणी लोकांनी माती उकरायला नाही म्हटलं होतं. कोणी म्हणालं मेलेल्याला उठवू नये, कोणी नव्या चौकशीला घाबरलं. हमाच्या शेखने, मशिदीतल्या धर्मगुरूने, अदीबला लेखी मोकळीक दिली होती, वारसाला आपलं माणूस ओळखून घेता येतं; पण शेखचा कागद डोंगरात कोण वाचतो?

म्हणून या खेपेला त्याने वेगळं ठरवलं. रोटीचा शेवटचा घास गिळून तो विदादला म्हणाला, हे लोक वाळवंटातले आहेत, ते कॉफी देतील. मी कप खाली ठेवीन.

विदादला रीत माहीत होती, तिकडे कोणाला माहीत नसते? पाहुण्याने पहिली कॉफी न पिता कप समोर जमिनीवर ठेवला, तर तो काही मागायला आला आहे. आणि यजमान खानदानी असला तर काय हवं हे न ऐकताच म्हणतो, प्या, तुमचं काम झालं. एकदा कॉफी पोटात गेली की शब्द बांधला गेला. पूर्वी खून माफ झाले आहेत त्या एका कपावर, मुली दिल्या गेल्या आहेत. अदीब पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगायचा आणि पाहुणे वहीत लिहून घ्यायचे.

"सरळ विचारा ना," विदाद म्हणाली. "कप म्हणजे काय उंदराचा सापळा आहे?"

"सरळ विचारलं तीनदा. काय मिळालं? अंजीर."

विदादने मांडीवरची पिशवी बंद केली. खरं तर तिलाही नकार ऐकायचा नव्हता.

खिर्बत सल्लूम म्हणजे एका उतारावर वीसेक पडकी घरं, मधोमध चौकोनी कबर, वर दगडाचं टोकदार छप्पर. एका जुन्या घराच्या तीन भिंती शाबूत होत्या. चौथी बाजू घोंगड्या लावून बंद केलेली. बाहेर मेंढ्या. घरधनी बाहेर आला, सत्तरीचा, उंच, काटक, एक डोळा पांढरा पडलेला. नाव शवाख, पण सगळे थोरल्या मुलाच्या नावाने अबू दह्हाम म्हणायचे. कोण, कुठले, असं न विचारताच त्याने अदीबचा हात धरून आत नेलं. त्याची बायको फिद्दा विदादला घोंगडीच्या पलीकडे घेऊन गेली.

अदीबने स्वतःच नाव सांगितलं, अबू वाएल, म्हणजे वाएलचा बाप. गप्पा व्हायच्या त्या झाल्या. पाऊस नाही, चारा महाग, ऑलिव्ह यंदा किडले. अबू दह्हामने निखाऱ्यावरची कॉफी आणली, बिनकानाच्या इवल्या कपात तळापुरती ओतली आणि उजव्या हाताने पुढे केली. अदीबने कप घेतला. अर्धा क्षण वास घेतला. मग तो चटईच्या पुढे, जमिनीवर ठेवला.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं म्हणता? आनंद. कोणीतरी त्याला अजून मागण्याजोगा माणूस समजत होतं. मेंढ्या निम्म्या मेलेल्या, घराला भिंत नाही, आणि शहरातला माणूस त्याच्यापुढे कप खाली ठेवतोय. तो ताठ बसला.

"प्या अबू वाएल," तो म्हणाला. "ज्यासाठी आलात ते झालं. माझी मान जामीन."

अदीबने कप उचलला आणि एका घोटात रिता केला. कडू होतं. मग त्याने सगळं सांगितलं. फोन, टोकदार कबर, पहारेकऱ्याचं बोलणं. आणि मागणं मागितलं. कबरीपाशी ज्याला पुरलंय तो माझा मुलगा असावा. मला माती काढून बघू द्या. तो असेल तर मी त्याला घरी नेईन, त्याच्या आजोबांशेजारी.

अबू दह्हामने कॉफीचं भांडं निखाऱ्यावरून उतरवलं. पांढरा डोळा मिटला होता, दुसरा नाही.

"पहारेकऱ्याला कोणी सांगितलं परका म्हणून?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. "तो आमचा दह्हाम आहे."

मग त्याने सांगितलं ते अदीबने मान खाली घालून ऐकलं. त्या नऊ दिवसांत दह्हाम पाण्याला म्हणून गेला तो परतला नाही. चौथ्या दिवशी कबरीच्या पायऱ्यांवर देह मिळाला, तोंड ओळखू न येणारं, अंगात दह्हामसारखं तपकिरी जाकीट. मला कळत नव्हतं, पण फिद्दाने बघितलं आणि म्हणाली, माझा आहे. आई सांगते त्यावर बाप काय बोलणार? त्या दिवसापासून ती रोज तिथे जाते. उन्हाळ्यात मेंढ्यांच्या वाट्याचं पाणी तिथल्या अंजिराला घालते.

अदीब हात जोडल्यासारखा पुढे झुकला. म्हणाला, मला माहीत नव्हतं, देवाशपथ माहीत नव्हतं, मी माझं मागणं परत घेतो.

"मी काय दुकान मांडलंय, दिलेलं परत घ्यायला?" म्हातारा उठला. "कॉफी तुमच्या पोटात आहे. कुदळ बाहेर आहे."

घोंगडीपलीकडे सगळं ऐकू गेलं होतं. दोघी बाहेर आल्या तेव्हा विदादच्या हातात फिद्दाने दिलेल्या दह्याची वाटी तशीच होती. अदीबला वाटलं, आता विदाद म्हणेल राहू द्या, चला. त्याने तिच्याकडे आशेने पाहिलं. तिने नजर चुकवली. आईच्या काळजाला भीड कळत नाही. ते आपल्या पोराच्या दिशेने वाहतं, वाटेत कोणाचं शेत आहे ते बघत नाही.

"वाएलच्या डाव्या हाताच्या हाडात पट्टी आहे," विदाद हळू म्हणाली. "लोखंडाची. आठवीत सायकलवरून पडला होता. तेवढं बघू दे मला. पट्टी नसली तर मी तुझ्या पाया पडून जाईन, बहिणी."

फिद्दा ठेंगणी, हनुवटीवर जुनं गोंदण. तिने विदादकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. ती रडेल, अंगावर येईल, असं दोन्ही पुरुषांना वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "शब्द याने दिलाय. खणू दे." आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली, कारण सुरुंगांतली पायवाट तिच्याच पायाखालची होती.

ऊन उतरलं होतं. कबरीच्या बाजूला अंजिराचं झाड, त्याखाली दगडांची लांबट ओळ. दोघी पायऱ्यांवर बसल्या. पुरुषांनी दोन हात खोल गेल्यावर कुदळ टाकली आणि हातांनी माती काढू लागले. बाँबच्या दिवसांत घाईघाईने पुरलेला, फार खोल नव्हता. आधी जाकिटाचं कापड लागलं. मग हाडं. अदीबने डावा हात मोकळा केला, कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. पुन्हा.

"नाही," तो म्हणाला.

विदादने ऐकलं. ती उठून आली, गुडघ्यांवर बसली, स्वतः हात लावून पाहिला. उजवाही पाहिला, जणू इतक्या वर्षांत डाव्याउजव्याची गफलत झाली असेल. पट्टी नव्हती. तिच्या तोंडातून एक सुस्कारा निघाला. त्यात सुटका किती आणि निराशा किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. नाही म्हणजे कुठेतरी जिवंत असेल. नाही म्हणजे पुढचा शुक्रवार. ती मागे जाऊन पुन्हा पायरीवर बसली आणि फिद्दाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच वेळी अबू दह्हाम डोक्याकडची माती नीट करत होता. जबडा थोडा बाजूला झाला आणि उन्हाच्या तिरिपेत काहीतरी चमकलं. सोन्याचे दात, शेजारी शेजारी दोन. आणि बाकीचे दात झिजलेले, पन्नाशीच्या माणसाचे. दह्हाम एकोणीस वर्षांचा होता.

म्हाताऱ्याचा अंगठा चटकन त्या दातांवर गेला. तो तसाच वाकून राहिला. मग त्याने मान वर केली तर समोर अदीब बघत होता. दोघं बाप एकमेकांकडे बघत होते. अबू दह्हामचा चांगला डोळा काय म्हणत होता ते सांगायला नको. मी माझा शब्द पाळला. आता तू गप्प बस.

अदीबने मूठभर माती घेतली आणि त्या अंगठ्यावर हळूच टाकली.

विदाद मिनीबसकडे गेली आणि कफनाचं कापड घेऊन आली. हमाच्या बाजारातून दर खेपेला ती ते बरोबर घ्यायची, नवऱ्याला न दाखवता. या पोराला तेव्हा कफन मिळालं नसेल, हे घ्या, एवढंच ती म्हणाली. पुरुषांनी हाडं त्यात गुंडाळली, पुन्हा खाली ठेवली, माती लोटली, दगड लावले.

पण आता एक काम राहिलं होतं. त्यांच्याकडे माती दिल्यावर कोणीतरी कबरीच्या उशाशी बसतो आणि मेलेल्याला नावाने हाक मारून धीर देतो. आता दोन देवदूत येतील, विचारतील, घाबरू नकोस, असं उत्तर दे. ही हाक बापाच्या नावाने मारत नाहीत, आईच्या नावाने मारतात. अमकीच्या मुला, असं. पहिल्या वेळी बाँब पडत होते, तेव्हा हे राहून गेलं होतं. अबू दह्हाम उशाशी बसला. दोन्ही तळवे मातीवर टेकले.

"हे," तो म्हणाला, आणि थांबला.

त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबला. आयुष्यभर नमाज न चुकवलेला माणूस. देवदूतांच्या तोंडावर खोटं नाव कसं घेणार? आणि न घ्यावं, तर पायरीवर ती बसलेली. अदीब पुढे झाला, मी म्हणतो, असं सांगायला. आपण आणलेलं पाप आपल्या जिभेवर घ्यावं, एवढंच त्याला सुचत होतं.

फिद्दा पायरीवरून म्हणाली, "हव्वाचा मुलगा म्हण."

आईचं नाव ठाऊक नसलं की तसं म्हणतात. आदिमाता हव्वा, तिची तर सगळीच लेकरं. अबू दह्हाम वळून बघत राहिला.

"खोट्या नावाने हाक मारलीस तर तो ओ कशी देईल?" फिद्दा म्हणाली. तिचा आवाज रोजच्या कामाचा होता, मेंढ्या मोजताना असतो तसा. "त्या दिवशी पाय मीच पुसले होते त्याचे. दह्हामचे पाय मला माहीत नाहीत होय?"

"मग माझा आहे म्हणालीस ते?"

"तू रोज बाहेर पडत होतास. वरून आग पडायची आणि तू रस्त्यांवर पोराला हाका मारत फिरायचास. एक तर गेला होता. तूही गेलास तर दुसरा कुठून आणू? म्हटलं, याला एक कबर दिली तर घरी बसेल." ती उठली, लुगडं झटकतात तसा झगा झटकला. "बसलास की सहा वर्षं. म्हण आता. बिचारा खोळंबलाय."

अबू दह्हामने हव्वाच्या मुलाला हाक मारली. त्याचा आवाज दोनदा फुटला, पण त्याने सगळं शेवटपर्यंत सांगितलं. फिद्दाने मग कळशी आणली आणि रोजच्यासारखं अंजिराला पाणी घातलं.

रात्री त्यांना जाऊ दिलं नाही. भात आणि दही झालं, कोणी फारसं खाल्लं नाही. अदीबने दोनदा क्षमा मागायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा अबू दह्हामने त्याच्या ताटात आणखी वाढलं. विदादने फिद्दाकडून दह्हामचा फोटो मागून घेतला. कागदी होता, कोपरा जळलेला.

सकाळी अदीब मिनीबसचं पाणी बघत होता तेव्हा म्हातारा आला. अंगावर जाड अंगरखा, हातात काठी, कमरेला रोटीचं गाठोडं. त्याने मिनीबसच्या जागा मोजल्यासारख्या केल्या.

"एक बाप बसेल एवढी जागा आहे?" त्याने विचारलं.

अदीबला नाही म्हणायचं होतं. त्याला घोंगडीपाशी उभी असलेली फिद्दा दिसत होती. पण त्या घरात त्याने जे मागितलं ते मिळालं होतं, आता तो कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? त्याने दार उघडलं.

फिद्दा जवळ आली. नवऱ्याला ती थांब म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती पलीकडून विदादच्या खिडकीशी गेली आणि काचेवर हात ठेवला.

"याला एकच डोळा आहे, आणि चालताना तो लांब बघतो," ती म्हणाली. "पायाखाली बघत नाही. तू त्याच्या पायांकडे बघ, बहिणी."

विदादने मान हलवली. मिनीबस उताराला लागली.